‘ओहोटी बाराला लागते’ म्हणजे बाराला पाणी कुठे असतं?

आमचं घर अलिबाग तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, त्यामुळे पुढची तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. “काकू, तुमच्याच गावातल्या माणसानं सांगितलं, ओहोटी बाराला. आम्ही बरोबर बाराला कुलाबा किल्ल्यासमोर उभे. चहूबाजूंनी पाणीच पाणी!” हा किल्ला अलिबागसमोर समुद्रातच आहे, पाणी पूर्ण उतरलं की तिथे चालत जाता येतं.

त्या माणसाने खोटं सांगितलेलं नसतं. तो म्हणाला असतो, “बाराला लागते.” पाहुण्यांनी ‘लागते’ गाळून फक्त ‘ओहोटी’ आणि ‘बारा’ ऐकलं. घोळ सगळा त्या गाळलेल्या क्रियापदात आहे.

मीही घाटावरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा भरती म्हटलं की पोलीस भरती आठवायची आणि भांग म्हटलं की होळी. सासूबाईंनी वर्षभर कान उपटले तेव्हा हे शब्द अंगवळणी पडले. पुढचा क्रम त्यांनी मला शिकवलेलाच आहे. मध्येमध्ये मी पाहुण्यांच्या चुका भरल्या आहेत. टप्पे याच क्रमाने करा. तिसरा आधी आणि पहिला नंतर केलात तर गणित बरोबर येईल आणि पाय तरीही भिजतील.

## टप्पा १: आधी शब्द नीट बसवा

भरती आणि ओहोटी ही पाण्याच्या हालचालीची नावं आहेत, पातळीची नाहीत. शहरातला माणूस ‘ओहोटी’ म्हणजे ‘पाणी खाली गेलेलं असणं’ असं समजतो. किनाऱ्यावर ओहोटी म्हणजे पाणी उतरत जाणं. हे उतरणं साधारण सहा तास चालतं आणि त्या सहा तासांना सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. म्हणून नुसतं ‘ओहोटी’ म्हणून भागत नाही, पुढचं क्रियापद लागतंच:

- ओहोटी लागली: पाणी उतरायला नुकती सुरुवात झाली. म्हणजे या घडीला पाणी जवळजवळ सर्वांत वर आहे.
- ओहोटी पूर्ण झाली: पाणी जितकं उतरायचं तितकं उतरलं. चालत जायची वेळ हीच.
- भरती लागली: पाणी चढू लागलं. या घडीला पाणी सर्वांत खाली असतं, किनारा रुंद आणि कोरडा दिसतो, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो.
- भरती पूर्ण झाली, किंवा पाणी भरलं: आता पुढे ओहोटीच लागणार.

लक्षात ठेवायला सोपा उपाय सांगते. एखाद्या पुढाऱ्याच्या ‘लोकप्रियतेला ओहोटी लागली’ असं वाचलं की तो संपला असा अर्थ आपण घेत नाही. घसरण सुरू झाली, एवढाच घेतो. ही ‘लागली’ तुम्हाला आधीपासून नीट येते. तीच समुद्राला लावा.

आता दुसरी जोडी, उधाण आणि भांग. ही नावं दिवसांची आहेत, तासांची नाहीत.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते. ते उधाणाचे दिवस. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्र काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारते. ते भांगाचे दिवस. म्हणजे महिन्यात दोन उधाणं आणि दोन भांग.

उधाण म्हणजे फक्त ‘खूप पाणी’ नव्हे. उधाणात भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरतेही. भांगात पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. इथल्या बायका कालवं काढायला उधाणाची ओहोटी बघून जातात ती यासाठीच: एरवी पाण्याखाली राहणारे खडक तेव्हा उघडे पडतात. डोलकरांनाही उधाणच हवं असतं, कारण डोल हे जाळं एका जागी रोवलेलं असतं आणि पाण्याची ओढ त्यात मासळी आणून टाकते. भांगात ओढ मंदावते, जाळं लोंबतं.

सावध: वर्तमानपत्रात ‘समुद्राला उधाण’ असा मथळा येतो तेव्हा बातमी बऱ्याचदा वाऱ्याने उसळलेल्या लाटांची असते. ते वेगळं. भर वादळात भांग असू शकतो, आणि उधाणाच्या दिवशी समुद्र तळ्यासारखा शांत असू शकतो. उधाण पंचांगात कळतं, लाटा हवामानाच्या इशाऱ्यात.

लिंगाकडे जरा बघा, कारण इथे बोलणारा लगेच ओळखू येतो. ती भरती, ती ओहोटी, ते उधाण. भांग मात्र तो. प्यायची ती भांग, तिचं ‘भांगेचा’ होतं. समुद्राच्या भांगाचं केसांतल्या भांगासारखं ‘भांगाचा’ होतं. ‘भांगाची भरती’ म्हणावं. ‘भांगेची भरती’ म्हटलंत तर किनाऱ्यावरची माणसं हसतील आणि तुम्हाला कारण कळणार नाही. मला तीन महिने कळलं नव्हतं.

खाली मालवणाकडे गेलात तर ओहोटीला ‘सुकती’ ऐकू येईल. शब्द बदलला तरी क्रियापदाचा नियम तोच. “सुकती कधी लागतली?” आणि “सुकती कधी पुरी होतली?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोघांत सहा तासांचं अंतर.

पडताळा: पुढे जाण्याआधी स्वतःला विचारा. ‘भरती सहाला लागते’ हे ऐकल्यावर सहा वाजता पाणी कुठे? उत्तर ‘सर्वांत खाली’ असं चटकन आलं तर पुढच्या टप्प्यावर जा. विचार करावा लागला तर वरच्या चार ओळी पुन्हा वाचा.

## टप्पा २: तारीख नाही, तिथी काढा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनात तिथी छापलेली असते. कालनिर्णय असो वा दुसरी कुठली, काम तेच. त्या दिवसाची तिथी शोधा आणि तिचा आकडा घ्या: प्रतिपदा १, द्वितीया २, असं करत चतुर्दशी १४.

चार गोष्टींवर नजर ठेवा.

पौर्णिमा १५, आणि अमावास्याही १५. पंचांगात अमावास्येसमोर ३० लिहिलेलं असतं. एका इंजिनिअर पाहुण्याने ते तसंच गणितात घातलं आणि भरती रात्री साडेदहाला काढली.

शुद्ध की वद्य याने वेळेत फरक पडत नाही. शुद्ध चतुर्थी आणि वद्य चतुर्थी, दोन्हीला ४.

दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळी आठ-नऊलाच संपत असेल तर दुपारच्या भरतीसाठी पुढची तिथी धरा. तिथी संपण्याची वेळ बहुतेक ठिकाणी बाजूला छापलेली असते.

आणि संकष्टीच्या फशी पडू नका. संकष्टी चंद्रोदयाच्या चतुर्थीवर ठरते, त्यामुळे त्या दिवशी सूर्योदयाला बऱ्याचदा तृतीयाच असते. चौकोनात ‘संकष्टी’ दिसली म्हणून ४ धरू नका, तिथी वाचा.

## टप्पा ३: पाऊणकी लावा

आता मुख्य काम. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ, घड्याळाच्या तासांत. दिवसाची एक आणि रात्रीची एक, दोन्ही साधारण त्याच आकड्याला.

सासूबाईंच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. कागद लागायचा नाही. ओट्यावर मासे साफ करता करता त्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत म्हणायच्या, “एकाला पाऊण, दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन, पाचाला पावणेचार, सहाला साडेचार, साताला सव्वापाच, आठाला सहा.” अंगठा थांबला की वेळ सांगितली. त्यांच्या अंगठ्याला खवले चिकटलेले असायचे आणि आकडा चुकायचा नाही.

पुढचं मी लिहून देते: नऊला पावणेसात, दहाला साडेसात, अकराला सव्वाआठ, बाराला नऊ, तेराला पावणेदहा, चौदाला साडेदहा, पंधराला सव्वाअकरा. एकाला ‘पाऊण’ म्हणजे बारा वाजून ४५ मिनिटं, म्हणजे पाऊण वाजता.

इथे चाणाक्ष वाचक थांबेल. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण? एका दिवसात दीड तासाची उडी? शंका रास्त आहे. पाऊणकी हा सोयीचा ठोकताळा आहे. खरा हिशोब तिथीमागे ४८ मिनिटांचा, कारण ३० तिथींत भरतीची वेळ बरोबर २४ तास मागे सरकते. पाऊणकीत तिथीमागे ४५ मिनिटं येतात. दर तिथीला तीन मिनिटं राहून जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी त्यांची ४५ मिनिटं साचतात.

म्हणून दुरुस्ती: षष्ठीपर्यंत नुसती पाऊणकी चालवा. दशमीपासून पुढे तिथीमागे तीन मिनिटांची भर घाला. त्रयोदशीला पावणेदहा अधिक ३९ मिनिटं, म्हणजे १० वाजून २४. पौर्णिमेला सव्वाअकरा अधिक ४५, म्हणजे बारा. मधल्या सप्तमी-अष्टमी-नवमीला कुठलाच ठोकताळा नीट बसत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच मागे पडते, भांगाच्या दिवसांत तासाहूनही जास्त. त्या तीन दिवसांत तासभर इकडेतिकडे धरा.

आता ओहोटी. पूर्ण भरतीच्या वेळेत साधारण सव्वासहा तास मिळवा किंवा वजा करा, पूर्ण ओहोटी मिळते. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं असतात, त्याच्या निम्मं ते.

चतुर्थीचं उदाहरण घेऊ. पूर्ण भरती दुपारी तीनला. तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पुढची रात्री सव्वानऊला. कुलाबा किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, आणि चतुर्थीला ओहोटी अशी ऐन सकाळी, उन्हाच्या आत पूर्ण होते. यात बाप्पाची सोय आहे की भक्तांची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सावध: हे आकडे मुंबई-रायगड पट्ट्यासाठी. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर येते, त्यामुळे रत्नागिरी, मालवणकडे ती थोडी आधी भरते. उलट खाडीत आत गेलात तर मुखापेक्षा उशिरा. खाडीकाठच्या गावात राहिलात तर समुद्राची वेळ तशीच्या तशी वापरू नका.

पडताळा: काढलेली वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी किंवा मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक चालेल. सहा तासांचा आला तर तुम्ही भरतीला ओहोटी समजलात, टप्पा १ वर परत जा. तक्त्यात ठिकाण तुमच्या जवळचंच निवडलंय ना, तेही बघा.

## टप्पा ४: वेळ कळली, आता उतार किती ते बघा

लोक तिसऱ्या टप्प्यावर थांबतात आणि अष्टमीला जातात. अष्टमीला पूर्ण भरती सहाला, म्हणून पूर्ण ओहोटी बाराच्या पुढेमागे. नाश्ता करून, आवरून, निवांत जाता येतं. कागदावर याहून सोयीचा दिवस नाही. पण अष्टमी म्हणजे भांग.

मुंबई बंदराचे सरासरी आकडे बघा. उधाणात पूर्ण भरतीचं पाणी सुमारे ४.४ मीटरवर आणि पूर्ण ओहोटीचं ०.८ मीटरच्या आसपास. भांगात भरती सुमारे ३.३ आणि ओहोटी १.९ मीटरच्या आसपास. म्हणजे भांगाच्या पूर्ण ओहोटीलाही उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्त राहतं. मोठ्या माणसाच्या कमरेइतकं, लहान मुलाच्या गळ्याइतकं. वेळ अचूक निघाली आणि वाट मात्र उघडली नाही, असं होतं ते यामुळे.

दक्षिणेकडे हा चढउतारच कमी होत जातो. गोव्याच्या बाजूला उधाणातही तो दोन मीटरच्या आसपास असतो. वेंगुर्ल्याचा माणूस आमच्याकडे येऊन “एवढं कुठं गेलं पाणी?” म्हणतो ते उगाच नाही.

आणखी एक बारकावा. सर्वांत मोठं उधाण ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला नसतं, एक-दोन दिवस मागून येतं. प्रतिपदा-द्वितीयेला पाणी सर्वांत जास्त हलतं. भांगाचंही तसंच, अष्टमीपेक्षा नवमी-दशमीला पाणी जास्त आळशी.

मग चालत जायला कुठले दिवस? पौर्णिमा-अमावास्येला उतार चांगला, पण पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. संध्याकाळी गेलात तर परत येताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम. माझी पसंती दोन जागांना:

- तृतीया ते पंचमी, सकाळ. पूर्ण ओहोटी आठ ते साडेनऊच्या दरम्यान, उधाण अजून ओसरलेलं नाही. पंचमीपासून उतार कमी होऊ लागतो.
- त्रयोदशी-चतुर्दशी, दुपारनंतर. पूर्ण ओहोटी साडेचार ते साडेपाच. उतार हळूहळू वाढत असतो, पण तृतीयेइतका नसतो. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा त्रयोदशीच बरी.

षष्ठी ते एकादशी चालत जायचा बेत आखू नका. किल्ला बघायचाच असेल तर किनाऱ्यावर घोडागाडी किंवा होडी चालू आहे का ते विचारा, नाहीतर वाळूत बसून भेळ खा. तीही वाईट नसते.

सावध: पावसाळ्यात हे सगळं गणित बासनात गुंडाळून ठेवा. गणित चुकतं म्हणून नाही. वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो, लाटा उंच असतात आणि ‘पूर्ण ओहोटी’ला मोकळी दिसणारी वाट एका लाटेत जाते. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी जाहीर करते ती त्याच वेळी धोधो पाऊस आला तर पाण्याचा निचरा होत नाही म्हणून. तुमच्या सहलीला ती यादी पुरेशी नाही. त्या दिवशीचा लाटांचा इशारा बघा.

## टप्पा ५: किनाऱ्यावर विचारा, पण नीट विचारा

गणित आणि तक्ता जुळले तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. कुठे वाळू सरकली, कुठे चर पडला, हे तक्त्याला माहीत नसतं. कोणाला विचारायचं? जाळं विणत बसलेल्या कोळीदादांना, मासळी निवडणाऱ्या मावशींना, होडीवाल्याला. टपरीवाला बऱ्याचदा पलीकडच्या तालुक्यातून पोटासाठी आलेला असतो. त्याला कांदाभजी विचारा.

चुकीचा प्रश्न: “काका, ओहोटी कधी आहे?”

याचं उत्तर तीन तऱ्हेने येऊ शकतं. एक जण लागण्याची वेळ सांगेल, दुसरा पूर्ण होण्याची, तिसरा म्हणेल, “आत्ता ओहोटीच हाय की!” कारण पाणी उतरतंय. तिघेही बरोबर.

योग्य प्रश्न: “काका, आज पाणी पूर्ण उतरणार किती वाजता? आणि भरती लागणार कधी?”

दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या आल्या पाहिजेत, कारण उतरणं संपतं तिथेच चढणं सुरू होतं. काका म्हणाले, “नऊला उतरंल, सव्वानऊला लागंल भरती,” की समजा तुमचं बोलणं एकाच गोष्टीबद्दल चाललंय. उत्तरांत सहा तासांचं अंतर आलं तर कोणाची तरी समजूत अडली आहे. बहुधा तुमची.

तिसरा प्रश्न विसरू नका: “पायी जाण्याइतकं उतरतंय का आज?” समोरचा नुसता “भांग हाय” म्हणाला तर ते ‘नाही’ असं उत्तर आहे. पुढे घासाघीस करू नका. एकदा आमच्या एका पाहुण्याने “अहो पण मोबाईलमध्ये तर लो टाईड दाखवतंय” म्हणून वाद घातला. काका शांतपणे म्हणाले, “मग मोबाईलला पाठवा पुढं.”

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गालाही हाच प्रश्न. ती वाट खडकांवरून समुद्राच्या अगदी कडेने जाते. तिथे वेळेबरोबरच लाट केवढी आहे ते बघायचं. देवळापाशी कोणी ‘आज नको’ म्हटलं की प्रदक्षिणा देवळातल्या देवळात घाला.

## टप्पा ६: पाण्याला स्वतः बघा

किनाऱ्यावर पोचलात की दहा मिनिटं काही करू नका. लाट जिथवर येते तिथे वाळूत एक काटकी रोवा. एकाच लाटेवर जाऊ नका, सात-आठ लाटा मोजा. दहा मिनिटांनी ओली कड काटकीच्या खाली राहिली तर पाणी उतरतंय, काटकी ओलांडून वर आली तर चढतंय.

आणखी एक खूण: किनाऱ्यावर ओल्या वाळूचा रुंद पट्टा दिसतो आणि पाणी त्याच्या बरंच खाली आहे, तर पाणी बहुधा उतरतंय. पाण्याच्या कडेला लगोलग कोरडी वाळू असेल तर ते चढतंय. नांगरलेल्या होड्यांची तोंडंही ओढीकडे वळतात, पण वारा असला की ती खूण फसवते. नवख्याने काटकीवर भागवावं.

पडताळा: तुमचं गणित ‘उतरतंय’ म्हणतं आणि काटकी ‘चढतंय’ म्हणते, तर काटकीचं ऐका.

## टप्पा ७: निघायची वेळ, परतायची वेळ

पूर्ण ओहोटीला निघायचं नसतं. पूर्ण ओहोटीला तुम्ही परतीच्या विचारात असायला हवं. पाणी पूर्ण उतरण्याच्या दीड तास आधी किनाऱ्यावर हजर राहा, वाट उघडली की जा, आणि भरती लागायच्या वेळेला किल्ल्याच्या दाराबाहेर या.

इतकी घाई का? पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणात साडेतीन मीटरचा चढ धरला तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं. तेवढ्यावरून वाटतं, काही घाई नाही. तिसऱ्या तासात मात्र एकाच तासात जवळजवळ मीटरभर. माणसं दुसऱ्या तासात फोटो काढत असतात.

शिवाय पाणी समोरूनच येतं असं नाही. वाळू आणि खडकांमधले खोलगट चर आधी भरतात. तुम्ही उभे असता तिथे कोरडं असतं आणि तुमच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, गुडघाभर झालेलं असतं. जाताना असे चर कुठे लागले ते बघून ठेवा. परतायची वेळ त्या चरांवर ठरते.

गाडीचंही याच टप्प्यात. ओहोटीत वाळू घट्ट लागते म्हणून लोक गाडी पाण्यापर्यंत नेतात, उभी करतात आणि जेवायला जातात. पाणी चढून चाकाखालची वाळू भुसभुशीत झाली की गाडी स्वतःच्या वजनाने रुतते. मग ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा, आणि खाऱ्या पाण्याने इंजिनाचं जे व्हायचं ते होतंच. पहिल्या वर्षी मी स्वतः स्कूटर अशी उभी केली होती. कपड्यांची पिशवी हँडलला लटकत होती. पिशवी वाचली. वाळूवर गाडी न्यायचीच नाही, हा त्यावरचा एकमेव उपाय.

## परतीची वाट बुडाली तर

किल्ल्यात अडकलात आणि वाटेवर पाणी मांडीच्या वर आलं असेल, तर उतरू नका. ओढ पायाखालची वाळू काढते, पोहणाऱ्यालाही. आत, उंचावर थांबा आणि किनाऱ्यावर कोणाला तरी फोन करा. आणीबाणीचा क्रमांक ११२. आधी संख्या सांगा, मग लहान मुलं आणि म्हातारी माणसं किती ते.

किती वेळ थांबावं लागेल, तेही वरच्याच गणितात आहे. पूर्ण ओहोटीनंतर जितक्या तासांनी वाट बंद झाली, पुढच्या पूर्ण ओहोटीच्या साधारण तितकेच तास आधी ती उघडते. पावणेनऊला पूर्ण ओहोटी होती आणि वाट पावणेअकराला, म्हणजे दोन तासांनी बुडाली, असं धरा. पुढची पूर्ण ओहोटी रात्री सव्वानऊच्या आसपास, तर वाट संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला उघडेल. साडेआठ तास. पण दोन ओहोट्या सारख्याच उतरतात असं नाही, आणि हिवाळ्यात तोवर अंधारही पडलेला असतो. अंधारात त्या वाटेवर एकट्याने पाऊल टाकू नका, होडीवाल्याची किंवा गावातल्या माणसाची वाट बघा. सासूबाई आमच्या पाहुण्यांना निघताना पाण्याची बाटली आणि चार घावणे बांधून देतात, ते भूक लागेल म्हणून नव्हे.